मुसी नदीचा महापूर आणि पूरमैदानाचे गणित

हैदराबाद शहरातील कोठी हा भाग आज जुन्या पुस्तकांची दुकाने, कापडाची पेठ व बसगाड्यांची वर्दळ यांसाठी प्रसिद्ध आहे. मुसी नदीच्या उत्तर तीरावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश रेसिडेंटसाठी जी भव्य कोठी उभारण्यात आली, तिच्यावरून या भागास हे नाव पडले. कोठी, सुलतान बाजार व जांबाग या परिसराशी मराठी कुटुंबांचा संबंध जुना आहे. विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था याच परिसरातील होय. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद येथील अनेकांची पावले शिक्षण, नोकरी वा न्यायालयीन कामानिमित्त या भागाकडे वळत असत.

या कोठीपासून नदीचे पात्र फार दूर नाही. उन्हाळ्यात तेथे उभे राहणाऱ्यास पात्रातील काळवंडलेला, संथ प्रवाह पाहून या नदीने एका दिवसात हजारो माणसांचा बळी घेतला असेल, यावर विश्वास बसणे कठीण जाते. परंतु 28 सप्टेंबर 1908 रोजी तसे घडले. त्या दिवसाच्या अनुभवातून भारतातील पूरनियंत्रणाच्या अभ्यासास एक नवी दिशा मिळाली. नदीचे पाणी कोठवर पसरेल, किती खोल असेल, किती काळ राहील आणि त्याचा माणसांवर, शेतीवर व नदीकाठच्या जीवसृष्टीवर काय परिणाम होईल, हे आधीच सांगण्याचे शास्त्र आज बरेच पुढे गेले आहे. त्याची ओळख करून घेताना मुसीचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

1908 चा महापूर

मुसी ही कृष्णेची उपनदी होय. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत ती उगम पावते, पूर्वेकडे वाहत हैदराबाद शहरातून जाते आणि पुढे नळगोंडा जिल्ह्यात वाडपल्ली येथे कृष्णेस मिळते. शहराच्या थोडे अगोदर तिला ईसा ही उपनदी येऊन मिळते. हैदराबादपर्यंतचे या नदीचे पाणलोट क्षेत्र 862 चौरस मैल, म्हणजे सुमारे 2,230 चौरस किलोमीटर इतके मोजण्यात आले होते.

सप्टेंबर 1908 च्या अखेरीस या क्षेत्रात असाधारण पाऊस झाला. शमशाबाद येथे 24 तासांत 12.8 इंच व 48 तासांत 18.9 इंच पाऊस नोंदला गेला. दख्खनच्या पठारावर अनेक गावांत संपूर्ण पावसाळ्यातही याहून फार अधिक पाऊस पडत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होतो. 28 तारखेस नदीने दोन्ही काठ ओलांडले. अफजल पूल, मुसल्लमजंग पूल व चादरघाटचा पूल हे तीन पूल निकामी झाले. 1578 साली बांधलेला पुराणा पूल तेवढा उभा राहिला. मृतांची संख्या सुमारे 15 हजार असावी, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. अफजलगंज येथील रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोकांनी प्राण वाचविले. ते झाड आजही दाखविले जाते. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी या पुरात वाहून गेल्या.

या आपत्तीनंतर निजाम सरकारने अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबई इलाख्यात नाशिक, खानदेश व पुणे येथे दीर्घकाळ सेवा केली होती, आणि खडकवासला येथील धरणावर त्यांनी योजिलेली स्वयंचलित दारे बसविण्यात आली होती. हैदराबादेत त्यांनी 1909 मध्ये काम हाती घेतले. पावसाच्या नोंदी, पुराच्या पाण्याच्या खुणा, नदीचा उतार व पात्राचे छेद यांवरून त्यांनी असे अनुमान काढले की, शहरापाशी पुराचा कमाल विसर्ग सेकंदाला सुमारे 4 लाख 25 हजार घनफूट होता. पाणलोट क्षेत्रात लहानमोठे 788 तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलास एक, आणि त्यांपैकी 221 तलाव त्या पावसात फुटले, हेही त्यांच्या पाहणीत आढळून आले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळते. तो फुटला की दोहोंचे पाणी तिसऱ्यावर जाते. अशा रीतीने पावसाच्या पाण्यात साठ्याचे पाणी मिसळून पुराचा लोंढा अधिक उग्र झाला.

त्यांच्या शिफारशींचा गाभा असा होता की, पूर शहरात आल्यावर त्याच्याशी झुंजण्यापेक्षा शहराच्या वरच्या अंगास मुसी व ईसा या दोन्ही नद्यांवर जलाशय बांधून तो तेथेच अडवावा व हळूहळू सोडावा. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर 1920 साली व ईसावर हिमायतसागर 1927 साली पूर्ण झाला. या दोन्ही जलाशयांनी शहरास अनेक दशके पिण्याचे पाणीही पुरविले.

एका इंचाचा हिशोब

पूर समजून घेण्यासाठी काही साधे हिशोब शाळेतील विद्यार्थ्यांनाही करता येतील. 862 चौरस मैल क्षेत्रावर एक इंच पाऊस पडला आणि तो सर्वच्या सर्व वाहून गेला, तर सुमारे 2 अब्ज घनफूट, म्हणजेच 2 टी. एम. सी. पाणी नदीत येईल. प्रत्यक्षात काही पाणी जमिनीत मुरते, काही तलावांत अडते. परंतु जमीन आधीच तृप्त झाली असेल व तलाव भरलेले असतील, तर पडलेल्या पावसाचा मोठा भाग नदीकडे धावतो. सप्टेंबरअखेर बहुधा हीच स्थिती असते.

आता जलाशयांकडे पाहावे. पूर्ण पातळीपर्यंत उस्मानसागरात सुमारे 3.9 टी. एम. सी. व हिमायतसागरात सुमारे 3 टी. एम. सी. पाणी मावते. दोहोंची बेरीज 7 टी. एम. सी. पेक्षा किंचित कमी भरते. 1908 च्या कमाल विसर्गाने एका तासात सुमारे दीड टी. एम. सी. पाणी वाहते. तेव्हा दोन्ही जलाशय पूर्ण रिकामे असले, तरी तशा लोंढ्याने ते सुमारे साडेचार तासांत भरतील. ते आधीच काठोकाठ भरलेले असतील, तर येईल तितके पाणी पुढे सोडण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

जलाशयामुळे सर्व पूर संपतात, असे मानणे म्हणूनच चुकीचे होय. जलाशय मध्यम पूर गिळतो, मोठ्या पुराचा शेंडा बुटका करतो आणि लोकांना सावध होण्यास काही तास मिळवून देतो. हा लाभ किती मिळेल, हे त्या दिवशी जलाशयात रिकामी जागा किती आहे यावर अवलंबून असते. पिण्याच्या पाण्यासाठी जलाशय भरलेला हवा आणि पुरासाठी रिकामा हवा, हा विरोध प्रत्येक धरणाच्या अधिकाऱ्यास दर पावसाळ्यात सोडवावा लागतो. पूरमैदानाचे गणित या निर्णयात साहाय्यभूत होते.

पूरमैदान म्हणजे काय?

नदीचे पात्र म्हणजे केवळ बारमाही पाणी वाहणारी चर नव्हे. पावसाळ्यात नदी जेथवर पसरते, तेथवरची सपाट भूमी हा नदीचाच भाग असतो. तिला पूरमैदान म्हणतात. नदीने वर्षानुवर्षे आणलेल्या गाळाने ती तयार झालेली असते. पात्राबाहेर आल्यावर पाण्याचा वेग मंदावतो, त्यातील मळी खाली बसते, विहिरींच्या झऱ्यांना पाणी मिळते आणि खालच्या गावांकडे जाणाऱ्या लोंढ्याचा जोर कमी होतो. पूरमैदान म्हणजे निसर्गाने बांधलेला, भिंत नसलेला जलाशय होय, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

या मैदानावर भराव टाकला, भिंती बांधल्या किंवा दाट वस्ती केली, तर तेथे पसरणारे पाणी नाहीसे होत नाही. ते उंच चढते, समोरच्या तीरावर जाते किंवा अधिक वेगाने खालच्या गावावर जाऊन आदळते. एका गावाने केलेल्या भरावाचे मोल दुसऱ्या गावास द्यावे लागते.

गणिती प्रतिमान कसे तयार होते?

पुराचे पाणी कोठे पसरेल हे सांगण्यासाठी संगणकावर नदीचे गणिती प्रतिमान तयार केले जाते. त्याचे मुख्य टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला टप्पा पावसाचा. पर्जन्यमापकांच्या नोंदी, जमिनीचा प्रकार, पीक, जंगल, वस्ती व जमिनीतील ओलावा यांवरून पडलेल्या पावसापैकी किती पाणी वाहून नदीत येईल व केव्हा येईल, हे काढले जाते. त्यावरून तासागणिक विसर्ग दाखविणारा जो आलेख मिळतो, त्यास जलालेख म्हणतात. उघड्या खडकाळ व फरसबंद जमिनीवरून पाणी झपाट्याने येते आणि जलालेखाचे टोक उंच व अरुंद होते. गवताळ, बांधबंदिस्ती केलेल्या जमिनीवरून ते सावकाश येते व टोक बुटके होते.

दुसरा टप्पा पात्राचा. नदीच्या ठरावीक अंतरावरील आडवे छेद मोजले जातात. छेदाचे क्षेत्रफळ व पाण्याचा सरासरी वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग. वेग हा उतारावर, खोलीवर व पात्राच्या खरखरीतपणावर अवलंबून असतो. यासाठी रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने 1889 मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरले जाते. त्यात खरखरीतपणास एक अंक दिलेला असतो. गुळगुळीत काँक्रीटसाठी तो सुमारे 0.015, स्वच्छ मातीच्या पात्रासाठी 0.03 च्या आसपास आणि दाट झुडपांच्या काठासाठी 0.10 पर्यंत धरला जातो. खोली व उतार तेच ठेवून हा अंक दुप्पट केला, तर वेग निम्मा होतो. झाडोऱ्याने भरलेल्या काठावर पाणी रेंगाळते ते यामुळेच.

तिसरा टप्पा पसरण्याचा. पूरमैदानाचे लहान लहान चौकोन कल्पून प्रत्येकाची उंची नोंदली जाते. पाणी उंचाकडून सखलाकडे, एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात कसे जाईल, हे संगणक क्षणाक्षणाला मोजत जातो. या गणनेमागील समीकरणे फ्रेंच गणितज्ञ सेंट व्हेनांत यांनी 1871 मध्ये मांडली होती. पूर्वी हातांनी सोडविण्यास महिने लागणारी ही गणिते आता थोड्या वेळात होतात. गणना संपल्यावर कोणत्या शेतात किती फूट पाणी, किती वेगाचे व किती तास, याचा नकाशा हाती येतो.

चौथा टप्पा पडताळणीचा. हा सर्वांत महत्त्वाचा होय. पूर्वी येऊन गेलेल्या पुराचे आकडे प्रतिमानात घालून त्याने काढलेला नकाशा प्रत्यक्ष पूरखुणांशी ताडून पाहिला जातो. देवळाची पायरी, शाळेची भिंत, पुलाचा कठडा, वडाचा बुंधा येथवर पाणी आले होते, असे गावकरी सांगतात. ती माहिती अभियंत्यास मोलाची असते. विश्वेश्वरय्या यांनी 1909 मध्ये केले तेही तत्त्वतः हेच होते.

अलीकडे या कामी उपग्रहांचे साहाय्य मिळते. पुराच्या काळात आकाश ढगाळलेले असल्याने साध्या छायाचित्रांचा उपयोग होत नाही. परंतु सूक्ष्मतरंगांचा वापर करणारे उपग्रह ढगांतून व रात्रीच्या अंधारातही जमिनीचे चित्र घेऊ शकतात. अशा चित्रांत शांत पाणी काळे दिसते. हैदराबादेतील बालानगर येथे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र असून देशातील पुरांचे नकाशे तेथे तयार केले जातात. 1908 च्या महापुराच्या शहरातच आज देशभरच्या पुरांवर नजर ठेवणारी संस्था असावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

प्रतिमानाच्या मर्यादा

नकाशावरील रेषा ठळक व सुबक असते, म्हणून ती तितकीच निश्चित असते असे नाही. एक उदाहरण पाहावे. ज्या काठाचा चढ 500 फुटांस 1 फूट इतका मंद आहे, तेथे जमिनीची उंची मोजण्यात केवळ अर्ध्या मीटरची चूक झाली, तर पुराची रेषा 250 मीटर इकडे वा तिकडे सरकते. तेवढ्या अंतरात संपूर्ण आळी मावते. म्हणून सपाट प्रदेशात उंचीची मोजणी अत्यंत काळजीपूर्वक करावी लागते.

दुसरी अडचण तलावांची व नाल्यांची. नदीच्या पात्राचे उत्तम प्रतिमान केले, परंतु वरच्या अंगाचे तलाव व ओढे त्यात घेतले नाहीत, तर निष्कर्ष चुकीचे निघतात. 1908 मध्ये 221 तलावांनी हा धडा दिला होता. ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादेत अतिवृष्टी झाली, तेव्हा नदीच्या पुराबरोबरच गुर्रम चेरुवू या तलावाचा बांध फुटून हाफिजबाबानगर भागात पाणी शिरले. तेलुगूत तलावास चेरुवू म्हणतात. तलावांच्या साखळीतील ओढे बुजले व तळ्यांच्या पोटात घरे उभी राहिली, म्हणजे पाणी आपली जुनी वाट घरांतून शोधते.

तिसरी अडचण शब्दांची आहे. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा पूर, असा समज सर्वत्र आढळतो. त्याचा खरा अर्थ असा की, कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे. यंदा तो आला म्हणून पुढील वर्षी येणार नाही, असे नाही. तीस वर्षे एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबास असा पूर निदान एकदा पाहावा लागण्याची शक्यता सुमारे 26 टक्के असते. पंचवीस वर्षांच्या पुराच्या बाबतीत हीच शक्यता सुमारे 70 टक्के होते. घर बांधताना हा हिशोब ध्यानात घेणे हिताचे ठरेल.

नदीकाठच्या जीवसृष्टीसाठी पुराची आवश्यकता

पूर म्हणजे केवळ संकट, ही समजूतही एकांगी आहे. नदीची जीवसृष्टी पुराच्या येण्याजाण्यावर पोसली जाते. पावसाळ्याच्या आरंभी चढणीचे मासे ओढ्यांतून व उथळ पाण्यातून वर जातात व तेथे अंडी घालतात. पिलांना वाढण्यासाठी ते संथ, उबदार पाणी काही आठवडे टिकावे लागते. काठावरचे करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज हे वृक्ष काही दिवसांचे पाणी सहज सोसतात. लव्हाळा व पाणकणीस यांना तर पाणथळ जमीनच हवी असते. पाणी अजिबात पसरले नाही, तर ही सृष्टी सुकते. ते अवेळी आले किंवा फार काळ तुंबून राहिले, तर ती कुजते.

म्हणून नदीखोऱ्याचे व्यवस्थापन करणाऱ्यास चार प्रश्नांची उत्तरे लागतात. पाणी किती खोल, किती काळ, कोणत्या ऋतूत आणि किती वर्षांच्या अंतराने? पूरमैदानाचे प्रतिमान या चारही प्रश्नांचे उत्तर जागेनुसार देऊ शकते. ऑस्ट्रेलियातील मरे नदीचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. तेथे धरणांमुळे मध्यम पूर कमी झाले आणि नदीकाठची निलगिरी जातीच्या वृक्षांची जुनी वने वाळू लागली. तेथील शास्त्रज्ञांनी उपग्रहांची चित्रे व नदीतील विसर्गाच्या नोंदी यांची सांगड घालून अमुक विसर्गास कोणकोणती पाणथळ भूमी भिजते, हे दाखविणारे प्रतिमान तयार केले. त्याच्या आधारे कोणत्या वनास पाणी द्यावयाचे व त्यासाठी धरणातून किती पाणी सोडावयाचे, हे ठरविणे शक्य झाले.

महाराष्ट्रातही याचे महत्त्व कमी नाही. नाशिक जिल्ह्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वर येथील बंधाऱ्याच्या फुगवट्यात गाळ साचून उथळ पाण्याची व बेटांची पाणथळ भूमी तयार झाली. हजारो पाणपक्षी तेथे येतात. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत स्थान मिळविणारे ते राज्यातील पहिले स्थळ होय. तेथील पाण्याची पातळी थोडी वरखाली झाली, तरी पक्ष्यांच्या चाऱ्याची जागा बदलते. अशा ठिकाणी पातळी व पसरलेले क्षेत्र यांचा संबंध ठाऊक असल्यास शेती, पूरसंरक्षण व पक्षी या तिन्हींचा मेळ घालणे सुकर होते.

मुसीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. हैदराबादच्या खाली या नदीत शहराचे सांडपाणी वाहते. त्या पाण्यावर काठच्या गावांत भात, भाजीपाला व जनावरांसाठी पॅरा गवत पिकविले जाते. पुराबरोबर ही घाण शेतात व विहिरींजवळ पसरते. तेव्हा पाणी कोठवर जाईल या नकाशाबरोबर ते कसले पाणी असेल, हाही प्रश्न जोडला गेला पाहिजे. स्वच्छ पुराची मळी शेतास वर ठरते, मलिन पुराची मळी तोच शाप करते.

निळी रेषा, लाल रेषा

पूरमैदानाचा वापर कसा व्हावा याविषयी केंद्र शासनाने 1975 मध्ये एक आदर्श विधेयक राज्यांकडे पाठविले होते. मणिपूर, राजस्थान व उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी त्या धर्तीवर कायदा केला. महाराष्ट्रात पाटबंधारे विभागाच्या 1989 च्या परिपत्रकानुसार नदीकाठी दोन रेषा आखण्याची पद्धत आहे. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने व शंभर वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखविली जाते. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध मानले जाते. तेथे बाग, क्रीडांगण, शेती यांसारखे मोकळ्या जागेचेच उपयोग इष्ट होत. निळ्या व लाल रेषेमधील क्षेत्र नियंत्रित असून तेथील बांधकामावर बंधने असतात.

हैदराबादेत उस्मानसागर व हिमायतसागर यांच्या सभोवतालच्या दहा किलोमीटर परिसरातील बांधकामांवर 1996 च्या शासन आदेश क्रमांक 111 अन्वये निर्बंध घालण्यात आले होते. त्यात 84 गावे येत होती. हा आदेश 2022 मध्ये मागे घेण्यात आला. शहरात तर नदीच्या पात्रालगतच एक मोठे बस स्थानक उभे आहे. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस वरच्या जलाशयांतून पाणी सोडावे लागले, तेव्हा ते स्थानक जलमय झाले आणि रात्री प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तो पूर 1908 च्या मानाने फारच लहान होता. नदीने आपली जागा विसरलेली नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

मात्र रेषा आखली म्हणजे काम संपत नाही. 2024 मध्ये मुसीच्या पात्रातील घरांवर खुणा करण्यात आल्या, तेव्हा तेथे राहणाऱ्या कुटुंबांत मोठी चिंता पसरली. नकाशावरची रेषा ही अभियंत्यासाठी गणिताचे उत्तर असते, परंतु नदीकाठच्या कुटुंबासाठी तो छपराचा, शाळेचा व रोजगाराचा प्रश्न असतो. स्वस्त जागा म्हणून गरिबांनी पूरमैदानात आश्रय घ्यावा आणि प्रत्येक पुरात सर्वप्रथम त्यांचेच घर बुडावे, हे न्याय्य नाही. त्यांना पुरेसा पर्याय न देता हलविणे हेही न्याय्य नाही. रेषा कशी काढली, कोणते आकडे घेतले, चुकीचा संभव किती, हे लोकांना समजावून देणे आणि त्यांच्या पूरखुणांच्या आठवणी त्यात समाविष्ट करणे आवश्यक आहे. अशा रेषेवर लोकांचा विश्वास बसतो, आणि ज्या रेषेवर विश्वास बसतो तीच पाळली जाते.

गावपातळीवर काय करता येईल?

या कामात गावाचा वाटा मोठा आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा व 43 फुटांवर गेली की धोका, हे तेथील लहान मुलांसही ठाऊक असते. सांगलीत आयर्विन पुलापाशी 45 फुटांची धोकापातळी आहे. ऑगस्ट 2019 मध्ये तेथे पाणी 57 फुटांच्या वर गेले. परंतु मोजपट्टीवरील फुटांचा आकडा आपल्या शेतात व गल्लीत कोठे उतरतो, हे प्रत्येक गावाने स्वतः नोंदून ठेवले पाहिजे.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. पूर ओसरताच शाळा, ग्रामपंचायत कचेरी, देऊळ व पूल यांवर पाण्याची कमाल पातळी तैलरंगाने दाखवून तारीख व वर्ष लिहावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावाचा कच्चा नकाशा काढून घ्यावा व पाणी कोठून शिरले, कोठवर आले, किती दिवस राहिले, हे वृद्धांना विचारून त्यावर भरावे. शाळेत साधे पर्जन्यमापक असल्यास रोज सकाळी ठरावीक वेळी नोंद घ्यावी. ग्रामसेवक व तलाठी यांनी ओढे, नाले व तलावांचे सांडवे पावसाळ्यापूर्वी पाहावेत आणि बुजलेली तोंडे मोकळी करवून घ्यावीत. नदीकाठी भराव घालण्याचा प्रस्ताव आल्यास समोरच्या तीरावरील व खालच्या अंगावरील गावांचे म्हणणेही विचारात घेतले जावे. अशा नोंदी पाटबंधारे खात्याकडे पोहोचल्या, तर प्रतिमान अधिक अचूक होईल व त्याचा लाभ पुन्हा गावासच मिळेल.

अफजलगंजच्या चिंचेने 1908 मध्ये दीडशे जीव वाचविले. त्या दिवशी लोकांजवळ नकाशा नव्हता, पूर्वसूचना नव्हती. उंच फांदी तेवढी होती. आज पावसाची मोजमापे, उपग्रहांची चित्रे, संगणकाची गणिते व शतकाहून अधिक काळाचा अनुभव ही साधने उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग करून नदीची जागा नदीस दिली, तर पूर येईल, पसरेल, मळी ठेवील आणि ओसरून जाईल. कोणालाही जिवाच्या आकांताने झाडाकडे धाव घ्यावी लागणार नाही.